पागोळी होडीबाहेर पडली पाहिजे

पोरा, होडीत रात्री झोपायला छप्पर करायचं तर कापड कुठलं घेऊ, हे तू फोनवर पहिल्यांदा विचारलंस. ते शेवटी विचारायचं असतं. वारा उठला तर हे छप्पर किती वेळात खाली येईल, हे आधी विचारायचं. मांडवावर पाणी साचलं तर कापड पोट काढतं, फार तर फाटतं. मांडव उचलून नेतो तो वारा. जमिनीवर मांडव उडाला तर चार खुर्च्या मोडतात, पंगत उठते, दोन दिवस भावकीत बोलणी होतात. होडीवरचं छप्पर मात्र उडालं नाही तर जास्त वाईट, कारण मग ते होडीलाच घेऊन निघतं. म्हणून बांधताना पावसाला दुय्यम ठेव. पावसाला नुसता उतार लागतो. वाऱ्याला वाट लागते, आणि आपण ठेवली नाही तर तो स्वतः करून घेतो.

मी ताडपत्रीवाला माणूस. धसईच्या बाजारात बसून टेम्पोच्या, भाताच्या उडव्यांच्या, लग्नमांडवांच्या, पावसाळ्यात पडवीपुढे सोडायच्या पडद्यांच्या ताडपत्र्या शिवल्या आणि हाताने बांधल्याही. धसईला समुद्र नाही. इथे सह्याद्री उभा आहे, पण त्यामुळेच वाऱ्याच्या खोड्या आम्हाला जवळून ठाऊक. घाटाच्या पायथ्याला वारा सरळ येत नाही. कड्याला आपटतो, वळतो, वरून खाली कोसळतो. वळवाच्या आधी दुपारी झाडाचं पान हलत नाही, आणि मग एकदम वावधान सुटतं, दारातल्या बादल्या गडगडत जातात. पाण्याबद्दल जे सांगेन ते मात्र माझं नाही. वसईकडच्या कोळीवाड्यात मी ताडपत्र्या पोचवायचो, तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाचं ते बोलणं आहे. तो कमी बोलायचा, त्यामुळे बोलला तेवढं लक्षात राहिलं.

तू इंग्रजी पुस्तकातली पानं फोनवर पाठवलीस, ती मी पाहिली. तो फ्रँक डाय नावाचा माणूस १९६३ साली सोळा फुटांच्या उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला, पुढच्या वर्षी नॉर्वेला. माणूस जबरा आहे, मान्य. पण त्याच्या छपराचं काम थंडी आणि पाऊस बाहेर ठेवण्याचं. तुझ्या छपराचं काम वेगळं. जून-जुलैत आपल्याकडे लहान होडी पाण्यात घालायची नाही. १ जून ते ३१ जुलै सरकारच यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद ठेवतं, आणि बंदी नव्हती तेव्हाही कोळी होड्या ओढून वर घेत, माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी शाकारून ठेवत, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. तू आणि तुझा जोडीदार होडीत झोपणार ते दिवाळीनंतर, शिमग्यापर्यंत. तेव्हा पाऊस आला तर अवकाळी, एखादी सर. रोजचे शत्रू तीन: दिवसा ऊन, पहाटे दंव आणि दिवेलागणीपासून खाडीतले डास. इंग्रजी नकाशाबरहुकूम सगळीकडून बंद तंबू शिवलास तर दुपारी त्यात भाजशील आणि पहाटे आतल्याच घामाने भिजशील. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड कापडाला लागून आतून गळते, आणि मग तू मला फोन करणार की मामा, ताडपत्री गळते.

आता बांधणी. घर शाकारतात तसंच आहे. आढं हवं, मेढी हव्यात, दोन पाखी हव्यात. तुझ्या होडीत आढं आयतं आहे: शिडाच्या खालच्या काठाला जो आडवा वासा असतो, ज्याला तुम्ही बूम म्हणता, तोच. पुढची मेढ म्हणजे डोलकाठी, तिला तो एका टोकाने अडकवलेलाच आहे. मागचं टोक मोकळं असतं, तिथे मेढ आपण उभी करायची. शीड आढ्यावर गुंडाळून वरून ताडपत्री टाकू नकोस. ओलं शीड आत कोंडलं की बुरशी धरतं, आणि आढं जाड झालं की कापड ताठ बसत नाही. शीड काढ, घडी कर, बाजूला काठाशी ठेव, उशाला घे हवं तर.

मागच्या मेढीला वर बेचकं हवं. सागाची किंवा बांबूची काठी, वर दोन बोटं फाकल्यासारखी खाच, खाचेत जुन्या ट्यूबचं रबर, म्हणजे बूम रात्रभर करकरणार नाही. खालचं टोक नुसतं होडीच्या बुडावर टेकवायचं नाही. होडी एका कुशीवर कलली की ते सरकतं आणि आढं तुझ्या डोक्यात बसतं. खाली लाकडी खोबण कर, नाहीतर मागच्या फळीला दोन जागी दोरीने करकचून बांध. काहीजण डोलकाठीच्या शेंड्यावरून येणाऱ्या शिडाच्या दोरीनेच बूमचं टोक वर ओढून धरतात. तेही चालतं, पण एकटी दोरी झुलते. आढं झुललं की पाखी फडफडतात, आणि फडफडणारं कापड झोपू देत नाही, फाटतंही लवकर. बेचकंही ठेव, दोरीही ठेव. उंचीचं माप सोपं: बसायच्या फळीपासून आढ्यापर्यंत दोन हात. बसल्यावर डोकं लागता कामा नये, कारण अंधारात माणूस दचकून उठतो तो सरळ वर उठतो. त्याहून उंच मात्र नेऊ नकोस. उंच छप्पर म्हणजे नको असताना चढवलेलं शीड.

आवणीला बाया इरलं घेतात ते आठवतं का तुला? लहानपणी तू त्यात लपून बसायचास. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, हल्ली पानांऐवजी कागद. बाई दिवसभर वाकलेली, पाऊस पाठीवर, पण हात मोकळे आणि पुढून वारा आरपार. इरलं पाणी अडवत बसत नाही, ते पाणी पाठीवरून मागे टाकतं. तुझं छप्पर तसं हवं. पाठीवर बंद, तोंडाशी मोकळं.

माप घेताना टेप नंतर काढ. आधी तुझ्या आईची जुनी साडी घे, नसेल तर बाजारातला स्वस्तातला प्लॅस्टिकचा कागद. होडी जमिनीवर, टेकू देऊन सरळ उभी असताना आढ्यावरून साडी टाक, दोन्हीकडून ताण, कपड्यांचे चिमटे लाव आणि आत जाऊन बस. पाय पसर. झोप. उठून मागे जा, सुकाणूला हात पोचतो का बघ. पुढे जा, नांगराच्या दोरीला हात पोचतो का बघ. मग खडूने खुणा कर. कागदावर काढलेलं चित्र होडीवर कधीच बसत नाही, कारण होडीला एकही काठ सरळ नसतो; पुढे निमुळती, मध्ये फुगलेली, मागे पुन्हा आत आलेली. टेम्पोचा हौदा चौकोनी, तिथे माप एकदा घेतलं की झालं. इथे प्रत्येक हातावर वेगळं माप निघेल. कापताना चारी बाजूंनी वीतभर जास्त ठेव. जास्तीचं दुमडता येतं.

आणि आता नीट ऐक, कारण सगळे इथेच फसतात. पाख्याचा खालचा काठ होडीच्या आत सोडायचा नाही. काठावरही टेकवायचा नाही. तो होडीच्या काठावरून बाहेर, खाली वीतभर लोंबला पाहिजे. घराला वळचण कशाला ठेवतात? पागोळी भिंतीवर पडू नये म्हणून. इथे पागोळी होडीबाहेर पडली पाहिजे. आत सोडलेल्या ताडपत्रीवरून दंवाचं पाणी सुद्धा रात्रभरात बुडाशी जमतं आणि अंथरूण खालून भिजतं. माणूस वर बघत बसतो, कुठून गळतंय म्हणून, आणि पाणी येतं काठावरून.

बाहेर बांधायचं तर कशाला बांधायचं? होडीच्या कडेला बाहेरून जी लाकडी किंवा रबरी पट्टी असते, धक्क्याला घासू नये म्हणून लावलेली, तिच्या खाली लहान आकडे बसव. पितळेचे किंवा चांगल्या स्टीलचे. लोखंडी आकडा खाऱ्या हवेत एका मोसमात गंजतो आणि ताडपत्रीवर गंजाचे डाग पडतात. जिथे डाग पडला तिथे कापड पुढे कुजतं. होडीला भोकं पाडायची नसतील तर दुसरी रीत तांडेलाची. दोरी होडीच्या पोटाखालून घ्यायची. नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून पाण्यात सोडायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून मागे सरकवत न्यायची, आणि एका पाख्याच्या रिंगेतून दुसऱ्या पाख्याच्या रिंगेत. अशा तीन दोऱ्या झाल्या की छप्पर होडीला मिठी मारल्यासारखं बसतं, एकही खिळा लागत नाही. मात्र मधली सेंटरबोर्डची फळी वर घेतलेली असू दे, आणि सर्वांत मागची दोरी सुकाणूच्या पुढेच राहील असं बघ. पाण्याखालची दोरी सुकाणूत अडकली तर ती सोडवायला तुलाच पाण्यात उतरावं लागेल.

रिंगा. बाजारातल्या तयार ताडपत्रीला रिंग असते ती एकेरी कापडात ठोकलेली. दोन वाऱ्यांत ती कापडासकट हातात येते. तू रिंगेच्या जागी आधी कापडाचे दोन तुकडे लाव, तळहाताएवढे, एक वरून एक खालून. चौकोनी नको, कोपरे गोल कर. चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यापासूनच फाटायला सुरुवात होते. ठिगळाला कडेने शिलाई, मग कोनाकोनात फुली, मग मध्ये भोक आणि पितळी रिंग. भोक रिंगेपेक्षा किंचित लहान पाड, म्हणजे कापड रिंगेत घट्ट चावलं जातं. दोन रिंगांमध्ये एक हाताचं अंतर पुरे. काठाच्या दुमडीत दोरी घालून शिव. ताण आला की तो दोरीवर जातो, कापडावर येत नाही. टेम्पोवाले एवढं करून घेत नाहीत, त्यांना स्वस्तात हवं असतं, आणि दर दिवाळीला नवी ताडपत्री घ्यायला येतात. धंद्याला बरं आहे ते.

शिलाईला सुती दोरा घ्यायचा नाही, पॉलिस्टरचा घ्यायचा. टाका लांब. बारीक टाका म्हणजे फाडायच्या कागदावर पाडतात तशी भोकांची ओळ. जोड दुहेरी दुमडीचा, दोन शिलायांचा, आणि दुमडीचं तोंड उताराकडे, खाली. वर तोंड ठेवलंस तर तिथे पाणी थांबेल. आढ्यावर जोड येऊच देऊ नकोस. अख्खं कापड आढ्यावरून जाऊ दे, जोड खाली पाख्यात घे. आढ्याच्या रेषेवर आतून आणखी एक पट्टी शिव, बूमवर रोज घासून तिथेच पहिल्यांदा विरतं.

गाठींचं सांगतो. निरगाठ मारायची नाही. कुठेही नाही. भिजलेली निरगाठ अंधारात सुटत नाही, आणि होडीत सोडायची वेळ नेमकी अंधारातच येते. प्रत्येक गाठ सरगाठ, एक शेंडा ओढला की मोकळी. आणि शेंडा आतल्या बाजूला, हाताला लागेल असा. बाहेरून बांधलेलं छप्पर आतून सोडता आलं नाही तर तो पिंजरा झाला. होडी कलंडली तर तुम्ही दोघं ताडपत्रीखाली पाण्यात. म्हणून उशाशी एक चाकू दोरीने बांधून ठेव, म्यानात, आणि पहिल्या रात्रीच्या आधी दिवसा, गुडघाभर पाण्यात, डोळे मिटून सगळं छप्पर सोडून बघ. दोघांनीही, एकेकट्याने. तांडेल म्हणायचा, जे डोळे मिटून जमत नाही ते रात्री जमत नाही.

ताण द्यायला टेम्पोवाल्यांची रीत शिक. दोरीला मध्यावर पीळ देऊन एक डोळा करायचा, शेंडा खालच्या आकड्यातून घेऊन परत त्या डोळ्यातून काढायचा आणि खाली ओढायचा. घर्षणात जाईल ते जाऊनही ओढ चांगली वाढते. शेवट सरगाठीने. पण सगळंच असं ताठ बांधलंस तर झोत आल्यावर सगळा मार रिंगेवर बसतो. वारा दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो, हे तू शाळेत शिकलायस, मी मांडव बांधताना शिकलो. म्हणून प्रत्येक दोरीत एक तुकडा सायकलच्या ट्यूबचा घाल, वीतभर. झोत आला की रबर ताणतं, गेला की परत येतं. बाजारात आकडे लावलेल्या लवचिक दोऱ्या मिळतात त्या दिसायला छान, पण त्यांचा आकडा सुटला की डोळ्याकडे येतो. ट्यूबला आकडा नाही, आणि पंक्चरवाला ती फुकट देतो.

दोरी कसली? सुतळी, काथ्या, सुती दोरी भिजली की आखडते. रात्री दंवाने ताठ झालेली दोरी सकाळी उन्हात सैल पडते. नायलॉनचं उलट, भिजलं की लांबतं. संध्याकाळी सतारीच्या तारेसारखं बांधलेलं पहाटे लोंबत असतं. पॉलिस्टरची दोरी दोन्ही बाबतीत शहाणी, ती घे. बोटाएवढी जाड नको, करंगळीच्या निम्मी पुरे; जाड दोरीची सरगाठ नीट बसत नाही.

आता पुढची-मागची तोंडं. नांगरावरची होडी वाऱ्याकडे नाक करून उभी राहते, त्यामुळे वारा पुढून. म्हणजे पुढचं तोंड बंद, डोलकाठीभोवती कापड गुंडाळून दोरीने आवळलेलं, आणि मागचं मोकळं. इथवर पुस्तकात आहे. पण तू झोपणार धरमतरच्या खाडीत, आणि खाडीत होडी वाऱ्याचं ऐकत नाही, पाण्याचं ऐकते. भरती लागली की एकीकडे तोंड, ओहोटी लागली की दुसरीकडे, सहा-सहा तासांनी. संध्याकाळी समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री उशिरा जमिनीवरून वाहणारा मतलई वारा, दोघांच्या दिशा उलट. मध्यरात्री कधीतरी पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे अशी वेळ येतेच, मग वारा मागून आत शिरतो आणि छप्पर फुग्यासारखं भरतं. म्हणून दोन्ही तोंडांना पडदे हवेत, दोन्ही आतून गुंडाळून वर बांधता येतील असे. आणि पुढच्या पडद्यातून नांगराच्या दोरीकडे हात जायला वाट ठेव. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. संध्याकाळी जेवढी दोरी सोडलीस ती भरतीला पुरणार आहे का हे बघायला रात्री एकदा उठावंच लागतं. भरतीच्या खोलीच्या पाचपट दोरी, हे तांडेलाचं माप. छप्पर घातलेली होडी नांगराला जास्त ओढते, तेव्हा त्यात कंजुषी करू नकोस. आणि त्या खाडीत मधोमध झोपायचं नाही. कोळशाच्या आणि खनिजाच्या बार्ज रात्रीही जातात, त्यांना तू दिसत नाहीस.

दिसण्याचं निघालं म्हणून सांगतो. पांढरा दिवा, चारी बाजूंनी दिसेल असा, छपराच्या वर टांग. आत लावलेला दिवा ताडपत्रीतून नुसता मिणमिणतो. आणि २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे पोलिसांची नजर असते, त्यात झाकलेली होडी म्हणजे संशय. ओळखपत्र जवळ ठेव, जिथे नांगर टाकशील तिथल्या कोळीवाड्यात आधी जाऊन बोल. बोललास तर तेच रात्री तुझ्या होडीकडे लक्ष ठेवतील.

डासांचं काम ताडपत्रीला सांगू नकोस, ते तिच्याने होणार नाही. आढ्यालाच आतून चार नाड्या शिव, त्यांना मच्छरदाणी बांध, खालचा काठ गादीखाली खोच. मग दोन्ही पडदे उघडे ठेवून झोपता येतं, वारा आरपार जातो, वाफ साचत नाही, डासही नाही. माझ्या मते अर्धं सुख त्या मच्छरदाणीत आहे आणि लोक ताडपत्रीवर पैसे घालवतात. मच्छर अगरबत्ती छपराखाली लावायची नाही. एक ठिणगी आणि प्लॅस्टिकचं कापड वितळून अंगावर. स्टोव्ह तर नाहीच. बंद जागेत जाळ केला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. आणि गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड, होडीच्या बुडाशी जाऊन बसतो, तिथून बाहेर जायला त्याला दारच नाही. चहा करायचा तर छप्पर उतरवून, नाहीतर किनाऱ्यावर.

झोपताना डोकं मागे, पाय डोलकाठीकडे. मागे आढं उंच आणि हवा जास्त. पण दोघांनी एकाच कुशीला झोपायचं नाही. सेंटरबोर्डच्या मधल्या पेटीच्या एकेका बाजूला एकेक. होडी सरळ राहते आणि भांडणंही होत नाहीत.

आता कापड. १४ फुटांच्या होडीला अंदाजे १० फूट बाय ९ फूट लागेल, म्हणजे साडेआठ चौरस मीटरला थोडं कमी. निळा-पिवळा जो प्लॅस्टिकचा विणलेला कागद मिळतो तो हलका, स्वस्त. पण उन्हात पांढरा पडतो, मग करकरतो, मग चुरा होतो, आणि वाऱ्यात रात्रभर वाजतो. साडीऐवजी मापाला घे, होडीला नको. ट्रकवर असतं ते जाड पीव्हीसीचं कापड दर चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं घेतलंस तर पाच किलो होतं. पाणी एक थेंब येणार नाही, पण वाफही एक थेंब जाणार नाही, आणि घडी करायला दोन माणसं लागतील. जुनं सुती कॅनव्हास मला अजून सगळ्यांत आवडतं. भिजलं की धागा फुगतो, भोकं मिटतात, तरी श्वास घेतं, सावली थंड पडते. दोष दोन: भिजल्यावर जड होतं, आणि ओलं ठेवलं तर बुरशीने जातं. आतून बोट लावलंस तर नेमकं तिथून गळतं, हा तिसरा. तुझ्यासारख्या घाईच्या माणसाला मी मधलं सुचवेन: पॉलिस्टरचं कॅनव्हास, २५० ते ३०० ग्रॅमचं. दोन-अडीच किलोत काम होतं. रंग फिका घे. गडद निळं फोटोत छान दिसतं आणि दुपारी तापतं. कल्याणच्या बाजारात मिळेल. न मिळालं तर मुंबईत शोध, पण हातात घेऊन, उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. विणीतून उजेडाचे टिपके दिसले तर ठेवून दे.

घरी आणल्यावर खाडीच्या पाण्याने भिजलेली ताडपत्री गोड्या पाण्याने धू. मीठ राहिलं की कापड दमट राहतं, कितीही वाळवलं तरी. उलटसुलट वाळव, मग घडी घाल, पण दर वेळी वेगळ्या जागी. त्याच रेषेवर मोडत गेलास तर त्या रेषेवर चिरेल. पावसाळ्यात जमिनीवर ठेवायची नाही. उंदीर ताडपत्री खात नाहीत पण तिच्यात संसार मांडतात. आढ्याला टांगून ठेव. म्हशाच्या जत्रेतून आणलेली घोंगडी माझ्याकडे अशीच वर टांगलेली असते, आणि तिला अजून कसर लागलेली नाही. जूनच्या आधी एकदा सगळ्या रिंगा बोटाने फिरवून बघ. जी रिंग फिरते ती पुढच्या वाऱ्यात निघणार, ती आत्ताच नवी ठोकून घे.

शिवायचं काम मी करून देईन, मशीन अजून जड कापड ओढतं. पैशांची घाई नाही. आमचं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात आलं होतं, तेव्हा फोनवरून पाठवलेस तरी चालतील. पण मापं नीट पाठव. बूम डोलकाठीला जिथे जोडलाय तिथून होडीच्या काठापर्यंत, मग मध्यावरून, मग बेचक्यापासून, आणि हे तिन्ही दोन्ही बाजूंनी. मागे पाठवलेल्या चिठ्ठीत फक्त डावी बाजू आहे. उजवी तशीच असेल असं धरू नकोस, हाताने बांधलेल्या होडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. डोलकाठीचा घेरही मोज, आणि घेर मोजताना तिला बांधलेल्या दोऱ्या सोडून नाही, धरून मोज.